मूळ संख्येचा शोध ही सोडत नव्हे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

सर्वांत मोठी मूळ संख्या सापडली की वृत्तपत्रांत चौकटीतली एक बातमी येते. संख्येत अंक किती, शोधणारा कोण, बक्षीस किती, एवढे सांगून विषय मिटतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये तसेच झाले. २ चा १३,६२,७९,८४१ वा घात घेऊन त्यातून १ वजा केला की येणारी संख्या मूळ आहे, असे तेव्हा जाहीर झाले. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. पानाला तीन हजार अंक छापले तरी साडेतेरा हजारांवर पाने लागतील. पण अशा बातम्या वाचून दोन गैरसमज पसरतात. एक, संगणक रात्रंदिवस चालू ठेवला की कधीतरी आपलेही नशीब उघडेल. दुसरा, या संख्या बँकेच्या व्यवहारांना कुलूप म्हणून वापरतात. जे सांगायला हवे ते मात्र राहून जाते. या कामाला कोणीही घरबसल्या हातभार लावू शकतो, आणि तो नीट लावायचा तर काही गोष्टी आधी माहीत हव्यात. म्हणून हे पत्र, जरा सविस्तर.

कुलपाचा गैरसमज आधी दूर करू. अशा कुलपांसाठी वापरल्या जाणाऱ्या आरएसए या सांकेतिक पद्धतीच्या २०४८ बिटांच्या किल्लीसाठी सुमारे ३०८ अंकी दोन मूळ संख्या लागतात आणि त्या गुप्त असाव्या लागतात. सगळ्या जगाला माहीत असलेली चार कोटी अंकी संख्या तिथे निरुपयोगी आहे.

हे शोधकार्य ज्या उपक्रमातून चालते त्याचे नाव गिम्प्स. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये तो सुरू केला. सतराव्या शतकातले फ्रेंच धर्मगुरू मारँ मर्सेन यांनी २ च्या घातातून १ वजा करून येणाऱ्या संख्यांचा विचार केला होता, म्हणून त्यांना मर्सेन संख्या म्हणतात. मर्सेन संख्या मूळ असायची तर घातांक मूळ असावाच लागतो, पण तेवढ्याने भागत नाही. ११ हा मूळ आहे, पण २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. या दोन अवयवांकडे नीट पाहा: २३ म्हणजे २२ ची एक पट अधिक १ आणि ८९ म्हणजे २२ ची चौपट अधिक १. मूळ घातांक असलेल्या मर्सेन संख्येचा प्रत्येक अवयव असाच असतो, घातांकाच्या दुपटीच्या पटीत १ मिळवलेला. लहान अवयव चाळून काढण्याचे काम यामुळेच सोपे होते.

चाळणीतून जी संख्या उरते तिच्यासाठी लुकास-लेमर चाचणी आहे. ती कागदावर करून पाहता येते. २ चा ७ वा घात वजा १ म्हणजे १२७. सुरुवात ४ पासून करायची. दर वेळी वर्ग करायचा, २ वजा करायचे, १२७ ने भागून बाकी ठेवायची. ४ चे १४ होतात, १४ चे १९४ म्हणजे बाकी ६७, मग ४२, मग १११. आता १११ चा वर्ग १२,३२१, वजा २ म्हणजे १२,३१९, आणि हे १२७ च्या बरोबर ९७ पट. बाकी शून्य आली. घातांकापेक्षा दोनने कमी, म्हणजे पाच फेऱ्यांनंतर शून्य आले तर संख्या मूळ, नाहीतर नाही. सातवी-आठवीच्या वर्गात फळ्यावर करून दाखवण्यासारखी ही गोष्ट आहे. मधल्या एका फेरीत बाकी एकाने जरी चुकली तरी पुढचे सगळे आकडे वाया जातात, हेही त्याच फळ्यावर दिसते.

सध्या ज्या नव्या संख्या तपासल्या जात आहेत त्यांचे घातांक १२ कोटींच्या पुढचे आहेत. म्हणजे १२ कोटी फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत दीड कोटी बाइटांच्या संख्येचा वर्ग. शाळेतल्या गुणाकाराने हे कधीच पुरे होणार नाही. म्हणून संख्येचे साधारण १८-१८ बिटांचे सुमारे ६५ लाख तुकडे करतात आणि फास्ट फूरिए ट्रान्सफॉर्म (एफएफटी) नावाच्या पद्धतीने दशांश अपूर्णांकांत गुणाकार करून उत्तर जवळच्या पूर्णांकात बसवतात. उत्तर पूर्णांकापासून ०.१ किंवा ०.२ इतके सरकलेले असेल तर कोणता पूर्णांक घ्यायचा हे नक्की असते. ते ०.५ सरकलेले असेल तर काहीच सांगता येत नाही. प्रोग्रॅम कधी कधी 'राउंडिंग ०.५ आले, ०.४ पेक्षा कमी अपेक्षित होते' अशी सूचना देऊन थांबतो, त्याचा अर्थ हाच. ही सूचना आली तर दोष जवळजवळ नेहमी यंत्रात असतो. रॅम, वीजपुरवठा, उष्णता किंवा ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवलेला प्रोसेसर यांपैकी काहीतरी बिघडलेले असते.

पत्रांची, फोटोंची, हिशेबांची कामे बिनतक्रार करणारा संगणक इथे चुकू शकतो, आणि त्याच्या मालकाला ते कधीच कळलेले नसते. रॅममधला एक बिट दिवसातून एकदा उलटला तर चित्रपट पाहताना एखादा ठिपका चुकेल. इथे त्या एका बिटाने आठवडाभराचे काम बाद होते. चिप बनवणारेही यातून सुटलेले नाहीत. १९९४ मध्ये पेंटियम प्रोसेसरमधली भागाकाराची चूक उघड झाली ती थॉमस नाइसली हे प्राध्यापक जुळ्या मूळ संख्यांचे गणित करत होते म्हणून. २०१६ च्या सुरुवातीला इंटेलच्या स्कायलेक चिप प्राइम९५ हा गिम्प्सचा प्रोग्रॅम चालवताना गोठत असल्याचे दिसले आणि बायोसच्या (संगणक सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या) नव्या आवृत्तीतून दुरुस्ती करावी लागली.

पूर्वी यावर एकच उपाय होता: तीच संख्या दुसऱ्या कोणाच्या यंत्रावर पुन्हा पूर्ण तपासायची आणि शेवटच्या बाकीचे ६४ बिट जुळतात का ते पाहायचे. शंभरात एक-दोन निकाल चुकीचे निघत. आता फर्माच्या पद्धतीची संभाव्य-मूळ चाचणी (संख्या बहुधा मूळ आहे की नक्कीच नाही हे सांगणारी) वापरतात, कारण तिच्यात रॉबर्ट गेर्बिच यांची तपासणी बसवता येते. ठराविक फेऱ्यांनंतर आधीच्या बाक्यांचा गुणाकार पडताळला जातो, आणि चूक आढळली तर प्रोग्रॅम शेवटच्या खात्रीच्या जागी परत जाऊन तिथून पुढे चालू लागतो. २०२० पासून त्याच्या जोडीला पुराव्याची फाइल आली. चाचणी चालू असताना मधल्या २५६ बाक्या डिस्कवर जपून ठेवतात. १२ कोटींच्या घातांकाला एक बाकी १५ एमबीची, म्हणजे तात्पुरती जागा सुमारे पावणेचार जीबी. शेवटी त्यातून १३५ एमबीच्या आसपासची फाइल तयार होऊन सर्व्हरला जाते. दुसरा स्वयंसेवक फक्त पावणेपाच लाखांच्या आसपास फेऱ्या करून सगळ्या कामाची शहानिशा करतो. पूर्ण दुबार तपासणीच्या अर्धा टक्काही श्रम त्याला पडत नाहीत. सेटिंगमध्ये डिस्कची जागा कमी ठेवली तर पुरावा लहान ताकदीचा होतो आणि पडताळणाऱ्याचे काम वाढते. म्हणून प्रत्येक कामाला सहा जीबी जागा मोकळी ठेवावी. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम भागवणाऱ्यांनी १३५ एमबी चढवावे लागणार आहेत हे आधीच लक्षात घ्यावे.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते. विंडोजसाठी प्राइम९५ आणि लिनक्ससाठी एमप्राइम हा प्रोग्रॅम गिम्प्सच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच उतरवावा. त्याला इन्स्टॉलर नसतो. वेगळा फोल्डर करून त्यात फाइल उघडायची, बस. पहिल्यांदा चालवताना गिम्प्समध्ये सामील व्हायचे की फक्त यंत्राची परीक्षा घ्यायची असे विचारले जाते. इथे घाई करू नये. आधी दुसरा पर्याय निवडून टॉर्चर टेस्ट चालवावी. स्मॉल एफएफटीने प्रोसेसर जास्तीत जास्त तापतो, त्याने पंखा आणि थर्मल पेस्ट यांची परीक्षा होते. तासभर तो चालवावा. नंतर ब्लेंड, ज्यात रॅमचा कस लागतो, तो रात्रभर. एकही चूक आली तर तिथेच थांबून कारण शोधावे. सर्वांत आधी बायोसमध्ये जाऊन रॅमचे एक्सएमपी प्रोफाइल बंद करावे. रॅम जाहिरातीतल्या वेगाने चालवण्याची ही सोय बऱ्याच असेंबल केलेल्या संगणकांत चालू असते आणि अनेक चुकांचे मूळ तिथेच निघते. तरीही चूक आली तर रॅमची एकेक पट्टी काढून परीक्षा घ्यावी.

तापमान एचडब्ल्यूइन्फोसारख्या प्रोग्रॅमवर दिसते, लिनक्सवर सेन्सर्स ही आज्ञा आहे. चिप ८५ अंशांच्या आत राहावी. थंडीत पुण्यात घेतलेल्या परीक्षेवर विसंबून मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला यंत्र अखंड चालवू नये. खोली दहा अंशांनी तापली की चिपही साधारण तेवढीच तापते. कॅबिनेटमधली धूळ ब्लोअरने काढावी, तीन-चार वर्षांचा संगणक असेल तर वाळलेली थर्मल पेस्ट बदलावी, आणि उन्हाळ्यात दुपारी काम थांबवावे. लॅपटॉपवर हे काम करूच नये असे आमचे स्पष्ट मत आहे. सतत गरम आणि सतत पूर्ण भारित राहिल्याने बॅटरी फुगू शकते, आणि अरुंद जागेतला पंखा वर्षभरात खरखरू लागतो.

वेगाबद्दल एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. ६५ लाख तुकडे प्रत्येकी ८ बाइटांचे, म्हणजे ५० एमबीच्या पुढे. बहुतेक प्रोसेसरांच्या कॅशेत, म्हणजे आतल्या छोट्या वेगवान स्मृतीत, एवढे मावत नाही, त्यामुळे प्रत्येक फेरीला रॅमकडे धाव घ्यावी लागते आणि रॅमचा वेग हीच अडचण होऊन बसते. सोळा जीबीच्या एका पट्टीऐवजी आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या दोन वेगळ्या चॅनेलांत बसवल्या तर फरक लगेच दिसतो. हायपरथ्रेडिंगचे (एकाच गाभ्यावर दोन कामे चालवण्याच्या सोयीचे) जादा धागे वापरून बहुधा फायदा होत नाही, उष्णता मात्र वाढते. चार वेगळी कामे एकदम चालवण्यापेक्षा एकाच कामाला प्रोसेसरचे सगळे गाभे (कोअर) द्यावेत. प्रोग्रॅमच्या खिडकीत एका फेरीला लागणारा वेळ मिलिसेकंदांत दिसतो. तो ५ असेल तर १२ कोटी फेऱ्यांना ६ लाख सेकंद, म्हणजे सात दिवस. २५ असेल तर महिन्याच्या वर. अशा यंत्रावर पहिल्या तपासणीचे काम घेऊच नये.

विजेचा हिशेब प्रामाणिकपणे करावा. भरात चालणारा साधा डेस्कटॉप भिंतीतून १२० वॅट ओढत असेल तर दिवसाला २.८८ युनिट, महिन्याला ८६. घरगुती बिलात महावितरणचा दर १०० युनिटांच्या पुढे आणि ३०० युनिटांच्या पुढे चढतो, म्हणून हे ८६ युनिट वरच्या टप्प्याच्या दराने मोजावेत, सरासरीने नव्हे. प्रोग्रॅम फुकट आहे, काम फुकट नाही. संगणक कामासाठी रोज सहा-आठ तास चालूच असतो अशा घरात खर्च बराच कमी पडतो, कारण रिकाम्या यंत्रालाही चाळीस-पन्नास वॅट लागतातच. वीज गेली तर फार बिघडत नाही. प्रोग्रॅम दर तीस मिनिटांनी प्रगती जपून ठेवतो, त्यामुळे जास्तीत जास्त अर्ध्या तासाचे काम जाते. पण घरच्या इन्व्हर्टरवर हे चालू ठेवून रात्री पंखा बंद पाडून घेऊ नये.

सामील झाल्यावर पहिले काम म्हणून जुन्या लुकास-लेमर निकालाची दुबार तपासणी मागून घ्यावी. घातांक लहान असल्याने वेळ कमी लागतो. मुख्य म्हणजे अनोळखी माणसाच्या यंत्राने काही वर्षांपूर्वी काढलेली बाकी आपल्या बाकीशी अंकाला अंक जुळली की आपले यंत्र विश्वासाचे आहे याचा याहून चांगला दाखला नाही. अशा दोन जुळल्या की नवी संख्या घ्यावी. प्रोग्रॅमच्या रिसोर्स लिमिट्स या सेटिंगमध्ये पी वजा एक या अवयव शोधण्याच्या पद्धतीच्या दुसऱ्या टप्प्यासाठी रॅम द्यावी लागते. सोळा जीबी असतील तर सहा ते आठ द्यावेत. ती पद्धत अवयव सापडण्याची एक झटपट संधी घेते, आणि अवयव सापडला तर आठवड्याचे काम वाचते. अवयव चाळण्याचे साधे काम मात्र प्रोसेसरवर करू नये. ग्राफिक्स कार्ड ते कितीतरी पटींनी लवकर करते. घेतलेले काम जमणार नसेल तर मेनूतून ते रीतसर परत करावे. नुसता फोल्डर पुसून टाकला तर ती संख्या मुदत संपेपर्यंत आपल्या नावावर अडकून पडते आणि दुसऱ्याला मिळत नाही.

आता नशिबाचा हिशेब. नीट चाळलेल्या, १२ कोटींच्या आसपासच्या घातांकाची संख्या मूळ निघण्याची शक्यता आठ-नऊ लाखांत एक आहे. आठवड्याला एक तपासणी करणाऱ्या यंत्राला सरासरीने सोळा-सतरा हजार वर्षे लागतील. दहा कोटी अंकी मूळ संख्येला अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने दीड लाख डॉलर ठेवले आहेत. ते वाचून पुष्कळ नवे लोक थेट ३३ कोटींच्या वरचा घातांक मागतात. त्याच यंत्राला एका तपासणीला दोन महिने लागतात, शक्यता वीस लाखांत एकापेक्षाही कमी, आणि बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात. हे करू नये.

मग करायचे कशासाठी? २ चा ५,७८,८५,१६१ वा घात वजा १ ही मूळ संख्या २०१३ च्या जानेवारीत सापडली. ती लहानापासून मोजत ४८ वी आहे असे मात्र ऑक्टोबर २०२१ पर्यंत म्हणता येत नव्हते, कारण तिच्या खालचे सगळे घातांक दोनदा तपासून व्हायचे होते. साडेआठ वर्षे जगभरच्या घरांतून 'मूळ नाही', 'मूळ नाही' असे निकाल येत राहिले आणि त्यांतूनच ते विधान सिद्ध झाले. या कामात स्वयंसेवक जे देतो ते हेच. 'मूळ नाही' हा बिनचूक निकाल कायमचा नोंदला जातो आणि कोणाला तो पुन्हा काढावा लागत नाही.

२०२४ ची संख्या डब्लिनमधल्या एका ए१०० ग्राफिक्स प्रोसेसरवर आढळली आणि टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या एच१०० वर पक्की झाली. त्याआधीची २८ वर्षे गिम्प्सचे सगळे शोध साध्या संगणकांवर लागले होते. म्हणून घरच्या यंत्राचे दिवस संपले असे काही जण म्हणतात. ते खरे नाही. दुबार तपासण्या, पुराव्यांची पडताळणी, रॅम भरपूर असेल तर पी वजा एक, ही कामे साध्या यंत्राला उत्तम जमतात. फारच जुने यंत्र असेल तर लहान मर्सेन संख्यांचे अवयव ईसीएम पद्धतीने शोधावेत. दिवसभरात संपणारी कामे हवी असतील तर स्वयंसेवकांच्या संगणकांवर असे उपक्रम चालवणाऱ्या बॉइंक प्रणालीवरचा प्राइमग्रिड उपक्रम आहे. तिथे २०१६ मध्ये १०,२२३ गुणिले २ चा ३,११,७२,१६५ वा घात अधिक १ ही मूळ संख्या सापडली आणि सिएरपिन्स्की प्रश्नातले (२ च्या कोणत्याही घाताला गुणून १ मिळवला तरी मूळ संख्या देत नाही असा सर्वांत लहान विषम गुणक कोणता, या प्रश्नातले) तपासायचे उरलेले गुणक सहावरून पाचवर आले. बॉइंकमध्ये प्रोसेसर किती टक्के वापरायचा आणि आपण काम करत असताना थांबायचे का, हे ठरवता येते.

आपल्याकडे अनेकांना एक प्रश्न पडतो. आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये मूळपणा ठरवणारी जगप्रसिद्ध पद्धत दिली, मग ती इथे का वापरत नाहीत? ती कोणत्याही संख्येला लागू पडते, आणि असे खात्रीने, मर्यादित वेळेत ठरवता येते हे सिद्ध करण्यात तिचे मोठेपण आहे. मर्सेन संख्यांची ठेवणच वेगळी असल्याने त्यांच्यासाठी लुकास-लेमर चाचणी कितीतरी वेगवान पडते.

महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांबद्दल एक कळकळीची सूचना. तिथले शे-दोनशे संगणक रात्री रिकामे दिसतात आणि विद्यार्थ्यांना मोह होतो. विभागप्रमुखांच्या लेखी परवानगीशिवाय एकाही यंत्रावर हा प्रोग्रॅम टाकू नये. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या एका टेलिफोन कंपनीच्या अडीच हजारांहून अधिक संगणकांवर एकाने तो गुपचूप टाकला, नंबर शोधून देण्याची सेवा मंदावली आणि प्रकरण एफबीआयपर्यंत गेले. परवानगी मागताना महिन्याचे युनिट, चालवण्याच्या वेळा आणि जबाबदार व्यक्तीचे नाव अर्जात लिहावे. एसी बंद असलेल्या खोलीत तीस यंत्रे भरात चालली तर साडेतीन किलोवॅटची शेगडी पेटवल्यासारखे होते, हेही त्यात लिहावे.

आपल्याला विनंती एवढीच की पुढची मूळ संख्या सापडेल तेव्हा बातमीत अंकांच्या मोजणीसोबत घातांकही छापावा. घातांक दिला की संपूर्ण संख्या दिली जाते. आणि पडताळणी कोणकोणत्या वेगळ्या प्रोग्रॅमांनी आणि यंत्रांनी झाली, ती ओळही कापू नये.

आपला,
एक वाचक